माळावरच्या लाकडी काठ्या

यंदाही गोल्फ क्लबानं माळावरचं गवत कापलं. परवा सायकलवरून रहाटणीकडे निघालो होतो. पवना ओलांडून वर आलो आणि वास आला. कापलेल्या गवताचा वास गोड असतो म्हणतात; मला तो काढ्यासारखा कडवट लागला. कार्तिक सरत आला होता. दोन्ही बाजूंना गुडघाभर गवत, सुकून गव्हाळ झालेलं, आणि मधून एक लांबलचक पट्टा, भादरल्यासारखा साफ. पट्ट्याच्या टोकाला तेल ओतून काळी केलेली वाळूची गोल चकती, चकतीत भोक, भोकात निशाण. दोन साहेब पाठमोरे चालत होते, त्यांच्या मागे पिशव्या उचललेले दोन गडी. मी सायकल थांबवली नाही. त्या माळाकडे निवांत बघत उभं राहणं चार वर्षांपासून मला जमत नाही.

ज्यांनी गोल्फ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लिंबाएवढा पांढरा चेंडू, आणि लांबवरचं भोक. कमीत कमी फटक्यांत चेंडू त्या भोकात घालायचा, एवढाच खेळ. पहिला फटका चेंडू खुंटीवर ठेवून मारतात. तो बहुतेकांना जमतो. परीक्षा दुसऱ्या फटक्याची. तेव्हा चेंडू त्या कापलेल्या पट्ट्यात भुईवर पडलेला असतो, भोक अजून दूर असतं, आणि लाकडी डोक्याची काठी भुईला घासून चालवायची असते. अशा काठ्या मुख्यतः दोन. एकीच्या तळाला पितळेची पट्टी असते आणि तोंड जवळजवळ उभं. तिनं चेंडू फार लांब जातो. पिशव्या उचलणारे गडी तिला 'पितळी' म्हणत. दुसरीचं तोंड मागं कललेलं. चेंडू वर उचलला जातो, पल्ला थोडा कमी पडतो. तो 'चमचा'. साहेबांच्या इंग्रजी नावांचीच ही मराठी रूपं, पण गड्यांच्या तोंडी ती अशी बसली होती, जणू घरातल्या फळीवरून उतरून आली असावीत.

या काठ्या दुरुस्त करणारा खंडूमामा. माझ्या आईचा धाकटा भाऊ, जातीनं आणि हातानं सुतार. रहाटणीत गाड्या, नांगर, पाभरी करायचा. इंग्रजांच्या वेळी एका गोऱ्या अधिकाऱ्यानं मान तुटलेली काठी त्याच्या दारात आणून टाकली. मामानं ती अशी जोडली की सांधा कुठं आहे ते अधिकाऱ्याला शोधून सापडेना. तेव्हापासून क्लबाच्या मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये, मामाचा ओटा झाला. इंग्रज गेले. त्यांच्या जागी आपले फौजी साहेब आले, मागोमाग नव्या कारखान्यांचे साहेब आले. शेड आणि मामा तिथंच राहिले.

चार वर्षांपूर्वीच्या त्या हिवाळ्यात मी दर रविवारी सकाळी शेडमध्ये जाऊन बसायचो. वीस वर्षांचा होतो. पत्र्याला भोकं होती. उन्हाचे कवडसे ओट्यावर पडायचे आणि त्यांच्यात भुस्सा तरंगत राहायचा. लाखेचा वास, सरसाचा वास, चहाचा वास. बाहेर दवानं भिजलेल्या बुटांचा कचकच आवाज. मामा मांडी घालून बसलेला, दातांत मेण लावलेल्या दोऱ्याचं एक टोक, दुसरं टोक काठीच्या मानेभोवती फिरतंय. विळखा विळख्याला चिकटून. दोरा दातांत असतानाच तो बोलायचा, त्यामुळे त्याचं बोलणं मला नेहमी थोडं आवळलेलं आठवतं.

कारखान्याचे एक मॅनेजरसाहेब होते. गोरेपान, उंच, दर महिन्याला मुंबईहून नवी पितळी आणायचे. एकदा शेडच्या दारात उभे राहून म्हणाले, "काय खंडू, कशी आहे?"

मामानं काठी हातात घेतली, डोकं बोटाच्या पेरानं वाजवलं, कान जवळ नेला. "झ्याक हाय, साहेब."

साहेब खूश होऊन गेले. मामानं दोरा दातांतून काढला. "घरात टांगायला झ्याक हाय," तो मला म्हणाला. "त्यांच्या हाताला चमचा पायजे. पण चमच्यानं खेळलं की मान खाली जाती न्हवं का."

मी हसलो. मामा हसला नाही. त्याला त्या काठीची काळजी होती. पौषात माळाची भुई अशी वाळून घट्ट होते की वरून उभ्या तोंडाची पितळी आदळली तर डोकं तडकतं. ते डोकं साध्या लाकडाचं नसतं. अमेरिकेतून यायचं. "आपल्या टेंभुर्णीची लांबची भण हाय ती," मामा सांगायचा. बाहेरचा माल येणं कमी कमी होत गेलं होतं. मामाकडे तसल्या लाकडाची अर्ध्या हाताची एकच फळी उरली होती, ती तो गोणपाटात गुंडाळून ठेवायचा. जोडीला त्यानं मोडलेल्या बैलगाडीच्या चाकाचा मधला बाभळीचा गड्डा आणून ठेवला होता. तीस पावसाळे खाल्लेला. त्यातून एक डोकं कोरून बघत होता. जमलंय असं त्याला वाटत नव्हतं. "लाकूड संपलं," तो म्हणायचा, "की ह्यो ओटा संपला. मग मी काय करू, सांग? गावात गाड्या ऱ्हाईल्यात का? टायरच्या आल्या समद्या."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. मला त्यात मोठी अर्थव्यवस्था दिसली, साम्राज्य दिसलं, यंत्रयुग दिसलं. समोर बसलेला माणूस भ्यालेला आहे, एवढं मात्र दिसलं नाही.

माझी बाराखडी पत्रकांवर झाली. वडील रेल्वेच्या रुळांवर कामाला. संपाची, सभांची, सत्याग्रहाची पत्रकं त्यांच्या खिशातून घरी यायची, आई त्यांत मीठ-मिरची बांधायची, मी पुड्या सोडवून वाचायचो. उठा. जाब विचारा. आता माघार नाही. दहाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती की मराठीत वाक्य उद्गारचिन्हावरच संपतं. पुढे चिंचवडात तात्यांच्या छापखान्यात जुळारी म्हणून लागलो, खिळे जुळवू लागलो, तरी ती खोड गेली नाही. तात्या चष्म्यावरून बघून म्हणायचे, "अरे, ही लग्नपत्रिका आहे. नवरदेव कुणावर मोर्चा नेतोय का? काढ ती उद्गारचिन्हं. खिळ्यांच्या केसमध्ये चारच उरलीत, ती संपाच्या पत्रकाला लागतील."

याच छापखान्यात क्लबाचं बातमीपत्र छापलं जायचं. महिन्याला चार पानं, इंग्रजीत. कोणी चषक जिंकला, कोणाची बदली झाली, पट्ट्यात कोणाची म्हैस शिरली, दिवाणखान्यात खिळ्यांचे बूट घालून येऊ नये. मजकूर क्लबाचे चिटणीस द्यायचे. निवृत्त मेजर, साताऱ्याकडचे, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. मार्गशीर्षाच्या अंकासाठी त्यांनी दोन पानांचा एक लेख आणून दिला. पट्ट्यातल्या दुसऱ्या फटक्यासाठी योग्य लाकडी काठी कशी निवडावी, असा विषय. खाली त्यांचं नाव.

खिळे उलटे जुळवायचे असतात. माणूस अक्षरं वाचत नाही, बोटांनी उचलतो. पण तिसऱ्या ओळीला माझी बोटं थांबली. आधी भुई बघा, मग काठी उचला. पुढे होतं: गवत दाट असो की भुई उघडी आणि कडक, पितळी पिशवीतच राहू द्या, चमचा काढा. काठी मानेशी धरून हलवा; डोकं आपणहून पुढं गेलं तर ती तुमची, ओढून न्यावं लागलं तर ती दुसऱ्या कोणाची. डोकं पेरानं वाजवा. आवाज भरीव यावा. आणि शेवटी एक चिमटा: आपल्यातले एक गृहस्थ दर महिन्याला नवी पितळी आणून एवढी माती उकरतात की मागून भुईमूग पेरावा.

शब्द इंग्रजी होते. माणूस मामा होता. मला त्या ओळींमधून दातांत दोरा धरल्याचा आवळलेला आवाज ऐकू येत होता.

माझ्या डोक्यात काय उसळलं ते मी आज शांतपणे सांगू शकतो, तेव्हा शांत नव्हतो. हात एकाचे, नाव दुसऱ्याचं! सगळ्या पत्रकांचं सार याच्याबाहेर काय असतं? मेजरसाहेबांनी प्रूफ तपासलं, सही केली, गेले. तात्या जेवायला घरी गेले. मी फर्म्याची, म्हणजे जुळवलेल्या पानांच्या चौकटीची, पकड सैल केली, मेजरसाहेबांच्या नावाचे खिळे एकेक उपसून काढले आणि तिथं बसवलं: खंडू सुतार, रहाटणी. सही झालेल्या प्रूफाला जुळाऱ्यानं हात लावायचा नसतो. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. मी ते ताठ मानेनं केलं. तात्या परत आले तेव्हा निम्मा अंक छापून झाला होता.

पुढच्या रविवारी मी शेडवर गेलो, मामाला अंक दाखवायला. दाराला कुलूप होतं. पिशव्या उचलणारा रावजी नावाचा म्हातारा गडी बाहेर बिडी ओढत बसला होता. म्हणाला, "मॅनेजरसाहेब लई भडाकलं. सुतारानं आमाला भुईमूग पेराया शिकवावं का, म्हनलं. कमिटी बसली. खंडूला सांगितलं, उद्यापासून येऊ नगं." मग त्यानं बिडी विझवली. "कुनी छापलं रं ते? त्याचा हात मोडला पायजे."

त्या दिवशी माळ फार सुंदर होता. हे सांगायला लाज वाटते, पण होता. ऊन कोवळं, गवतावर चंडोल उठत होते, लांबून लाकडावर चेंडू बसल्याचा ठोक् असा स्वच्छ आवाज येत होता. तो आवाज मामाच्या हातचा आहे, हे तिथल्या कोणालाही ठाऊक नव्हतं.

सोमवारी मेजरसाहेब छापखान्यात आले. ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"नाव तू बदललंस?"

"हो. लेख त्यांचा आहे."

"माहीत आहे. मी त्याच्या समोर बसून लिहून घेतला." ते माझ्याकडे बघत राहिले. "खंडूच माझ्याकडे आला होता. म्हणाला, साहेब, काठ्या फुटत्यात, लाकूड न्हाई, कायतरी सांगा ह्यांना. म्हटलं, तूच सांग की. तर म्हणाला, माझ्या तोंडून गेलं तर ऐकायचं न्हाईत, तुमच्या नावानं ऐकतील. भुईमुगाचा विनोद माझा होता. माझ्या नावाखाली मॅनेजरसाहेब हसले असते."

माझ्या हातातला खिळा मी केसमध्ये परत टाकला.

"पुढच्या अंकात एक ओळ टाका," ते तात्यांना म्हणाले. "छापखान्याच्या चुकीनं भलतं नाव पडलं, लेख चिटणिसांचा आहे. कमिटी मी बघतो. शेड उघडेल."

तात्या लगेच हो म्हणाले. मी म्हणालो, "मी खोटं जुळवणार नाही."

दुपारी मामा स्वतः आला. छापखान्याच्या उंबऱ्याशी चपला काढल्या, आत आला. त्याला तिथं इतकं अवघडलेलं बघायची मला सवय नव्हती. त्याचे हात कुठं ठेवावे ते त्याला कळत नव्हतं. खिळ्यांच्या केसकडे बघत म्हणाला, "भाचेराव, एक वळ हाय म्हनं. टाक की रं."

"मामा, ती ओळ खोटी आहे. लेख तुझा आहे. तू लाचारी करायची काही गरज नाही."

"व्हय, माझाच हाय. मी कुटं न्हाई म्हनतो?"

"मग का नाकारायचं? आज एका सुतारानं मान खाली घातली तर उद्या..."

मी बोलत राहिलो. किती वेळ बोललो ते आठवत नाही. पत्रकासारखं बोललो, एवढं आठवतं. मामा ऐकत होता. तो फार चांगला ऐकायचा, लाकूड ऐकायचा तसा. माझं संपल्यावर म्हणाला, "तू लई शिकलास." आणि चपला घालून गेला.

तात्यांनी ती ओळ स्वतः जुळवायला घेतली होती. मेजरसाहेब शब्दाचे पक्के होते. अंक निघाला असता, चार दिवस कुजबुज झाली असती, आणि पौषाच्या पहिल्या रविवारी शेडचं कुलूप निघालं असतं. हे सगळं होणार हे मला माहीत होतं. म्हणून मी त्याआधीच्या रविवारी क्लबाच्या फाटकावर उभा राहिलो आणि स्वतः लिहिलेलं, दुसऱ्या छापखान्यातून छापून आणलेलं पत्रक वाटलं. लेख खंडू सुताराचाच आहे. शेडचं कुलूप काढा. कारागिराच्या नावाची चोरी बंद करा. उद्गारचिन्हं भरपूर होती. मोटारी थांबत होत्या, साहेब काचा खाली करून पत्रक घेत होते, एकेक पत्रक देताना माझी छाती फुगत होती.

त्यानंतर ती ओळ छापण्यात अर्थच उरला नाही. मेजरसाहेबांवर चोरीचा आरोप आला. त्यांनी चिटणीसपद सोडलं. मॅनेजरसाहेबांनी काठ्यांची दुरुस्ती मुंबईच्या एका दुकानाकडे लावून दिली. शेडमध्ये गवत कापायचं यंत्र ठेवलं. आईनं माझ्याशी महिनाभर बोलणं टाकलं. तात्यांनी मला कामावरून काढलं नाही, नुसतं म्हणाले, "पत्रकाला पत्ता लागतो, बाबा. कुणासाठी आहे ते आधी विचारायचं असतं."

माझं म्हणणं खोटं होतं का? चार वर्षं मी हा प्रश्न उलटासुलटा करून पाहिला. नव्हतं. आजही नाही. सुताराच्या नावानं सांगितलेलं शहाणपण साहेबांच्या कानात शिरत नाही, हा अन्याय आहे आणि मी तो अन्यायच म्हणेन. माझा राग विझलेला नाही. पण त्या रागाचं जळण मी स्वतःच्या घरातून आणलं नव्हतं. मामाच्या ओट्यावरून उचललं होतं. पत्रकात 'तुम्ही उठा' असतं, 'आम्ही उठलो' असतं. 'तुझं काय म्हणणं आहे' ही ओळ मी एकाही पत्रकात वाचली नव्हती, आणि म्हणून ती विचारायची असते हे मला ठाऊकच नव्हतं.

मामा आता पिंपरीला एका खोक्यांच्या कारखान्यात आहे. माल भरायची लाकडी खोकी. ओल्या, कच्च्या फळ्या, एकाच मापाच्या. चार बाजू, तळ, झाकण, आणि खिळे. दिवसाला अमुक खोकी व्हायलाच हवीत. रंधा नाही, कानस नाही, पेरानं वाजवून बघायची गरज नाही. पहिल्या वर्षी मी एकदा फाटकाशी त्याची वाट बघत थांबलो. भोंगा झाला, माणसांचा लोंढा बाहेर आला, त्यात तो होता. अंगठ्याला चिंधी बांधलेली. इतक्या वर्षांत त्याच्या हाताला जखम मी पाहिली नव्हती.

आम्ही लाइनीच्या कडेनं चालत आलो. मी माफी मागायची वाक्यं जुळवून आणली होती, ती एकही उठेना. शेवटी म्हणालो, "मामा, मी तुझं नाव व्हावं म्हणून केलं रे."

त्यानं अंगठ्यावरची सुटू लागलेली चिंधी दातांनी आवळली.

"नाव माझं व्हतं," तो म्हणाला. "कुटं लावायचं, कुटं न्हाई, ते मी ठरिवलं व्हतं. माझ्याकडं येवढी एकच गोष्ट व्हती ठरवायला."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला तो कळला असता, मी त्याच भाषेत वाढलो आहे.

परवा माळ ओलांडून रहाटणीला गेलो तो यासाठीच. या मासिकानं माझ्याकडे हिवाळ्यावर लेख मागितला. हिवाळा म्हटला की मला दुसरा कोणताही हिवाळा आठवत नाही. मामा ओसरीवर बसला होता, सुट्टीचा दिवस. मामीनं चहा ठेवला. मी म्हणालो, "मामा, त्या सालाबद्दल लिहावं म्हणतो. काठ्यांचं, शेडचं, माझं. लिहू का?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मामी चुलीशी थांबली.

"समदं लिवनार?"

"सगळं."

"तुझं बी?"

"माझं तर आधी."

"मग लिव," तो म्हणाला. "पण माझं नाव घालू नगं."

माझ्या तोंडाशी आलं होतं की मामा, आता काय बिघडणार आहे, उलट लोकांना कळू दे की एवढा मोठा कारागीर इथं खोक्यांना खिळे मारतोय. सगळी वाक्यं तयार होती, चिन्हांसकट. मी चहा प्यायलो.

म्हणून सांगतो, खंडू हे नाव त्याचं नाही. गावही मी दुसरंच घातलं आहे. रहाटणीत जाऊन कोणी त्या सुताराची चौकशी केली तर लोक माना हलवतील, आणि ते खरंच सांगत असतील.